मावशी, आज किती?

दुसऱ्यांच्या घरात नाक खुपसायचा मला पगार मिळतो. गाड्या बनवणाऱ्या कंपन्या आमच्या ऑफिसला प्रश्न देतात आणि मी चाळीस प्रश्नांचा फॉर्म घेऊन दारोदार फिरते. त्या वर्षीचा प्रश्न होता, लोक लहान गाड्या का घेईनासे झालेत? चार महिने फिरून मला इतकंच कळलं होतं की खरं कारण कुणी सांगत नाही. "सामान मावत नाही हो," असं म्हणणाऱ्या एका गृहस्थांच्या नव्याकोऱ्या उंच गाडीच्या डिकीत एक छत्री होती. शेजाऱ्यांची गाडी मात्र त्यांच्या गाडीपेक्षा चार बोटं बुटकी होती, तेवढं मी जाता जाता पाहून ठेवलं.

मावशींचं नाव यादीत होतं ते वेगळ्या कारणाने. एकच लहान मॉडेल त्यांनी लागोपाठ तीनदा घेतलं होतं, आणि असं गिऱ्हाईक आता शोधूनही सापडत नाही. त्यांची ड्रायव्हिंग स्कूल म्हणजे घराखालची एक खोली. एक टेबल, रस्त्यावरच्या खुणांचा पिवळा पडलेला तक्ता, खुंटीला किल्ली, आणि दाराशी उभी ती पांढरी गाडी. मावशी साठीला टेकलेल्या, उंचीने बेताच्या, आवाजाने अजिबात नाही. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंही त्यांना मावशीच म्हणायची.

"फॉर्म नंतर. आधी मागे बसा," त्या म्हणाल्या. मी बसले. पुढे बँकेत काम करणारे एक जाडजूड साहेब घाम पुसत गाडी शिकत होते. शेजारच्या सीटवर मावशी, आणि त्यांच्या पायाशी दुसरा ब्रेक. शिकवायच्या गाडीत तो असतोच. तासभर आम्ही बाजाराच्या गल्ल्यांतून फिरलो. गाडी दाराशी लागली, साहेबांनी इंजिन बंद केलं आणि शाळेतल्या पोरासारखा चेहरा करून विचारलं, "मावशी, आज किती?"

"अकरा."

"काल चौदा होते!" साहेबांना आभाळ ठेंगणं झालं.

मला राहवेना. मी खोदून खोदून विचारलं तेव्हा कळलं, की मावशींना किती वेळा आपला ब्रेक दाबावा लागला त्याचा तो आकडा. वही नाही, बिही नाही, सगळं डोक्यात. सलग सात दिवस शून्य आलं की मावशी म्हणणार, "आता माझं काम नाही, जा." एकतीस वर्षं हेच चाललं होतं. समोरचा किराणावाला गिऱ्हाईक करता करता ओरडून आकडा विचारायचा. मावशींचे यजमान घड्याळं दुरुस्त करतात. काकांचा आकडा कधी नऊच्या खाली आलाच नाही, म्हणून ते अजून सायकलवर आहेत.

"संसार टिकवायचा होता, मग शिकवणं सोडलं," मावशी म्हणाल्या.

"आणि कधी कुणाचं मन राखायला खोटा आकडा सांगितलात?"

मावशींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पेन खाली ठेवलं. "सांगितला तर ते माणूस पुढे कुणाला तरी ठोकेल. त्याचं मन राखून काय करू?"

मग फॉर्म. प्रश्न सतरा, लहान गाडी का? किंमत, पेट्रोल, पार्किंग, इतर. मावशी म्हणाल्या, "लहान गाडीचे चारही कोपरे आठ दिवसांत अंगात येतात. मोठ्या गाडीत माणूस भाड्याने राहिल्यासारखा बसतो. आपलं काय, आणि कुठे संपतं, कळत नाही."

"हे कोणत्या चौकटीत लिहू?"

"इतर."

त्या दिवशी माझं काम संपलं होतं. पण मी पुढच्या आठवड्यात पुन्हा गेले, आणि त्याच्या पुढच्याही. चहा चांगला मिळतो, असं मी ऑफिसात सांगत होते.

अशाच एका दिवशी मोठ्या रस्त्यावरचे शोरूमवाले तिथे आले. त्यांच्या आवारात लहान गाड्या धूळ खात उभ्या होत्या. गावाबाहेरच्या ट्रॅकवर लहान गाड्यांची शर्यत होणार होती, प्रत्येक शोरूमची एक गाडी, आणि यांना आपल्या गाडीत सराईत ड्रायव्हर नको होता.

"सराईत माणूस जिंकला की लोक टाळ्या वाजवतात आणि घरी जातात," ते म्हणाले. "आपल्यासारखंच कुणी पळवताना दिसलं, तर लोक गाडीकडे बघतात. पहिली गाडी घेणारी माणसंच लहान गाडी घेतात, मावशी. त्यांना मला पहिल्यांदाच शर्यतीत उतरणारं कुणीतरी दाखवायचंय."

चार महिने मी दारोदार फिरून जे शोधत होते, ते हा माणूस चहाच्या दोन घोटांत बोलून गेला. मी ते लगेच लिहून घेतलं.

निवड अशी ठरली. कधीच शर्यत न केलेले नऊ जण, एकच जागा. गाडी मावशींची, कारण नवख्यांच्या शेजारी दुसरा ब्रेक असलेला बरा. प्रत्येकाने एक फेरी मारायची, शेजारी मावशी. मावशींना एकदा जरी ब्रेक दाबावा लागला तर तो माणूस बाद. उरलेल्यांत ज्याचा वेळ कमी, त्याची जागा. आणि ब्रेक दाबला की नाही, त्याला पुरावा मावशींचा शब्द. शोरूमवाल्यांचा स्वतःचा भाचाही त्या नऊ जणांत होता, तरी त्यांनी हा शब्द मानला. यावरून मावशींची पत कळावी.

त्याच नऊ जणांत एक होती लॅबवाली. वय चौतीस, बोलणं कमी. दोन वर्षांपूर्वी मावशींकडे शिकली. पहिल्या दिवशीचा तिचा आकडा त्रेचाळीस! एकतीस वर्षांतला सर्वांत मोठा. सात शून्यं मिळायला तिला चार महिने लागले. "हिच्यापुढे मी हात टेकले होते," मावशी तिच्या तोंडावर म्हणायच्या आणि ती खाली बघून हसायची. आता ती दवाखान्यांतून रक्ताच्या नळ्या गोळा करून लॅबला पोचवायची. नळ्या हिंदकळल्या की नमुना खराब, उशीर झाला तरी खराब. त्यामुळे गाडी जोरात पण अलगद चालवणं तिच्या अंगवळणी पडलं होतं. आणि तिची गाडीही असलीच, लहान.

"तुला कशाला हवीय शर्यत?" मी विचारलं. विचारल्याशिवाय मला झोप येत नाही.

ती म्हणाली, "ताई, दोन वर्षं मी सगळीकडे वेळेत पोचते. ते कुणाच्या लक्षातसुद्धा येत नाही. एकदा कुणीतरी घड्याळ लावून बघावं, एवढंच."

निवडीच्या सकाळी मी पाचव्या वळणाच्या कठड्यापाशी उभी होते. ते वळण शेवटाकडे आवळत जातं. प्रत्येकाच्या फेरीत वळणाच्या आधी गाडीचे मागचे लाल दिवे लागत, मग विझत, मग गाडी वळून दिसेनाशी होई. पहिल्या सातांपैकी चौघांना मावशींचा ब्रेक लागला. भाचा आठवा. पोरगा चांगला चालवत होता, उगाच खोट कशाला काढू? दोन मिनिटं चार सेकंद. मावशींचा आकडा शून्य.

शेवटी लॅबवाली. ती इतकी गुळगुळीत आली की मला वाटलं गाडी हळू आहे. घड्याळ पाहिलं तर ती भाच्याच्या पुढे होती! वळणाआधी दिवे लागले, विझले. आणि ऐन वळणात पुन्हा लागले. क्षणभरच. गाडीचं नाक जरा खाली गेलं, गाडी डाव्या बाजूला सरकली, मग सावरली. दोन मिनिटं सहा सेकंद.

मी धावत शेवटच्या रेषेपाशी गेले. इंजिन बंद करून लॅबवालीने सवयीनेच विचारलं, "मावशी, आज किती?"

"शून्य," मावशी म्हणाल्या.

शोरूमवाल्यांनी भाच्याच्या पाठीवर थाप मारली. लॅबवाली गाडीतून उतरली नाही. आपल्याच उजव्या पायाकडे बघत बसली होती.

"पाचव्या वळणात मी ब्रेक दाबला," ती म्हणाली. "मला आठवत नाही, पण दाबलाच असणार. गाडी थांबत होती, मला कळलं. मावशी, माझा पाय मला न सांगता गेला. मग रोजही जात असेल. नळ्या असतात मागे... मी ते काम करायलाच नको."

मावशींचा चेहरा उतरला. मला वाटलं त्या तिची समजूत घालतील. त्या खिडकीपाशी वाकल्या.

"एक," त्या म्हणाल्या.

"काय?"

"आजचा आकडा एक. पाचव्या वळणात. दाबणारा पाय माझा होता. तुझा नव्हता." मग मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं, "गरज नव्हती. हिचं काही चुकलं नव्हतं. मी घाबरले, दाबला, आणि वर खोटं बोलले."

शोरूमवाले चष्मा पुसत राहिले. नियमाने पाहिलं तर एक म्हणजे लॅबवाली बाद. आणि मावशींचा शब्द खरा मानायचा, तर कोणता?

भाच्याने विचारलं, "मावशी, मग माझ्या वेळी खरंच किती?"

"शून्य. तुला मी शिकवलेलं नाही रे. तुझी मला भीती वाटली नाही." मावशींचा आवाज कापत होता. असा आवाज मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला. "ही वळायला लागली आणि मला तो पहिला दिवस दिसला. त्रेचाळीसवाला. माझा पाय तिथेच राहिलाय. ती केव्हाच पुढे गेली."

"दोघांनी पुन्हा फेरी मारायची," शोरूमवाले अखेर म्हणाले. "पण एकटं. मावशी, तुम्ही बाहेर."

"शेजारी ब्रेक नको?" कुणीतरी विचारलं.

"दोन वर्षं ती एकटीच फिरतेय," मावशी म्हणाल्या आणि कठड्याकडे चालू लागल्या. लॅबवाली तोवर स्टिअरिंगवर हात ठेवून बसली होती. मावशी गेल्या त्या दिशेने तिने एकदाच पाहिलं, मग उतरून भाच्याला गाडी दिली.

मावशी येऊन माझ्या शेजारी उभ्या राहिल्या. पाचव्या वळणाशीच. एकतीस वर्षांत आपली गाडी बाहेरून पळताना त्यांनी पाहिलीच नव्हती, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं. भाचा गेला तेव्हा त्या हाताची घडी घालून खांबासारख्या उभ्या होत्या. पुन्हा दोन मिनिटं चार सेकंद, थोडं वर. पोरगा भरवशाचा होता.

मग ती निघाली. मावशी कठड्याला धरून होत्या. मी घड्याळाकडे बघत होते, त्यामुळे मला आधी फक्त आवाज आला. खडीवर काहीतरी घासल्याचा. पाचव्या वळणाआधी लाल दिवे लागले, विझले, आणि मग लागलेच नाहीत. गाडी तशीच आत वळली आणि दिसेनाशी झाली. मावशींनी कठडा सोडला.

दोन मिनिटं तीन सेकंद. दूरवर शोरूमवाले दोन्ही हात वर करून काहीतरी ओरडत होते. त्यांच्या गाडीला त्यांचं नवखं माणूस मिळालं होतं.

लॅबवाली गाडी वळवून थेट कठड्यापाशी घेऊन आली. उतरली. शेजारची सीट रिकामी होती, आणि तरीही, हसत की रडत ते मला सांगता यायचं नाही, तिने विचारलं, "मावशी, आज किती?"

मावशींनी खाली पाहिलं. मीही पाहिलं. त्यांच्या उजव्या बुटाच्या टोकाने खडीत वीतभर खड्डा केला होता.

"सहा," मावशी म्हणाल्या.