चौदा दिवस आधी

डेल्फिन रक हिची एकोणीस वर्षं गावाबाहेरच्या त्या अवाढव्य दुकानात गल्ल्यावर उभं राहण्यात गेली. उद्याची पाळी आज संध्याकाळी फोनवर कळायची. नवरा हॉलिस डायलिसिसवर. मंगळवार, गुरुवार, शनिवार; पस्तीस मैल लांब, आणि गाडी चालवणारी ती एकटीच. पाळी बदलली की त्याची खेप हुकायची, पाय सुजायचे. तो म्हणायचा, "जाऊ दे गं, मोठे बूट घेऊ."

म्हणून डेल्फिन नगरपालिकेत गेली. चर्चमध्येही कधी तोंड न उघडलेली बाई सात महिने दारोदार सह्या मागत फिरली, सभेत उभी राहून बोलली. अखेर ठराव झाला: गावातल्या दुकानांनी पाळ्या चौदा दिवस आधी कळवायच्या. त्या दुपारी हॉलिसने स्वतः मासे तळले.

ठराव लागू होण्याआधीच राज्याच्या राजधानीतून कायदा आला. कामाच्या वेळांबद्दल कुठल्याही गावाने नियम करायचा नाही, केलेले रद्द.

नगरसेविका लव्हॉन पिट्सने हात वर केले. "डेल्फिन, गाव म्हणजे राज्याचं लेकरू. बाप नाही म्हणाला की संपलं. आम्ही फार तर अंगणातलं गवत किती वाढू द्यायचं ते ठरवू."

"मग मला सात महिने कशाला नाचवलंत?"

"बोललीस मात्र छान हं," लव्हॉन म्हणाली.

दुकानाचा मॅनेजर ट्रेंट वाटच बघत होता. "काय पुढारीणबाई, आधी कळायला हवं होतं ना? घे. आता कायम मंगळवार, गुरुवार, शनिवार. सकाळी सहा."

"ट्रेंट, तेवढे वार सोडून कुठलेही दे. हात जोडते."

"सोड मग काम. कोण अडवतंय?"

कारखाना बंद पडल्यापासून गावात दुसरं काम नव्हतं. आजारी माणसं नेणारी सरकारी गाडी आली तर आली. शेजाऱ्याने दोनदा नेलं. तिसऱ्या आठवड्यात कोणीच नव्हतं. गल्ल्यावर फोन जवळ ठेवायला बंदी. शनिवारी दुपारी पाळी संपल्यावर डेल्फिनने फोन ठेवलेलं कपाट उघडलं तेव्हा हॉलिसचे चार फोन येऊन गेले होते. घरी तो स्वयंपाकघरात जमिनीवर पडलेला सापडला, गार.

मातीनंतर तीन दिवसांनी ती कामावर आली. ट्रेंटने तिच्या खांद्यावर हात ठेवला. "वाईट झालं गं. आता तुला कुठलाही वार चालेल, नाही का?"

डेल्फिन गल्ल्यापाशी गेली. समोर गिऱ्हाइकं खोळंबली होती.

"चालेल," ती म्हणाली, आणि गल्ला उघडला.