झाकलेला क्रूस

पोलादपुरात आमचं एकच ख्रिस्ती घर. आई दवाखान्यात नर्स होती. ईस्टरला दोन आठवडे उरले की त्या रविवारी ती भिंतीवरचा क्रूस जांभळ्या कापडानं झाकायची. उपासकाळातली आमची रीतच ती. आम्ही तिथं राहायला गेलो त्या पहिल्या वर्षी शेजारच्या काकींनी ते दारातून पाहिलं. देव झाकलाय म्हणजे सुतक, असं समजून त्या तासाभरात पिठलं-भाकरी घेऊन आल्या. "कोण गेलं गो बाय?" मी आगाऊ, फिसकन हसले. आईनं मला चिमटा काढला आणि त्यांना येशूची सगळी हकिगत सांगितली, क्रूसावरच्या मरणापासून ईस्टरला परत उठण्यापर्यंत. काकी डोळे पुसत म्हणाल्या, "मंग आज चूल नको पेटवू."

ईस्टरला आम्ही तोंडही धुतलं नव्हतं, तर काकी दारात.

"आला ना गो परत?"