पेट्रोलमध्ये नसलेलं तेल

निषाद, ईरा —

हे मुद्दाम लिहून पाठवते आहे. फोनवर सांगायला घेतलं की तुमचे बाबा मध्येच हसतात आणि माझा धागा तुटतो. निषादनं तिकडे जुनी मोटारसायकल घेतली, तिच्यावरून पहिल्यांदा ट्रॅकवर जाणार आहे, हे कळलं. त्याच फोनवर ईरानं विचारलं, "आजी, आत्याच्या भुताची गोष्ट खरी आहे का गं?" म्हणजे तुमच्यापर्यंत ती अशी पोचली आहे तर. त्यात भूत कुठेही नाही. असतं तर बरं झालं असतं, निदान काहीतरी उत्तर तरी मिळालं असतं.

मी दौंडच्या शाळेत निवृत्त होईपर्यंत सायन्स शिकवलं. माझ्या थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे तुमच्या मोठ्या आजींना, विहिरीवर, चिंचेखाली, एकदा तर रेशनच्या दुकानामागेसुद्धा काहीबाही दिसलं होतं. मला आयुष्यात कधी काही दिसलं नाही, आणि ज्यांना दिसतं त्यांना मी आधी चष्म्याचा नंबर विचारायची. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

तुमच्या आजोबांची गाडी टू-स्ट्रोक आहे. अशा गाडीच्या इंजिनाला वेगळं ऑइल मिळत नाही, ते पेट्रोलमध्येच मिसळून द्यावं लागतं. ते जळतं म्हणून मागून निळा धूर येतो. ऑइल नसेल तर धूर नाही, आणि थोड्या वेळात पिस्टन तापून आतच अडकतो. इंजिन जाम झालं की मागचं चाक जागच्या जागी थांबतं आणि माणूस पुढे फेकला जातो. आजोबांना पाटसच्या रस्त्यावर हे एकदा झालं होतं. पंपावर नुसतं पेट्रोल भरलं गेलं, आणि थोडक्यात निभावलं ते केवळ गाडी हळू होती म्हणून. त्यांचं गळपट्टीचं हाड तेवढं मोडलं. त्यानंतर ते स्वतः मोजून ऑइल मिसळायचे, दुसऱ्या कुणाला झाकणाला हात लावू देत नसत.

ते गेल्यावर गाडी वैशालीनं घेतली. तुमची आत्या पन्नाशीला टेकली असताना तिनं ठरवलं की ट्रॅक डेला जायचं, म्हणजे शर्यतीच्या रस्त्यावर आपली गाडी दिवसभर पळवायची. शिरूर तालुक्यात, न्हावऱ्याच्या पुढे मुरमाड रानात एकानं छोटा ट्रॅक केला होता. मी म्हटलं, मीही येणार. टेम्पोत गाडी बांधली, चौफुल्यावरून पारगावचा पूल ओलांडून, उसाच्या ट्रॉल्यांच्या मागे रखडत आम्ही पोचलो — वैशाली, तिचे यजमान सुधीर, आणि मी.

तिथे गाडी तपासतात. आरसे काढायला लावले, हेडलाइटवर चिकटपट्टीची फुली मारली, स्टँड बांधून टाकला. आरसे माझ्या पिशवीत आले. "मागे कोण आहे ते बघायचंच नाही," वैशाली म्हणाली, "नुसतं पुढे बघायचं." मला तेव्हाच ते आवडलं नव्हतं.

आणि तेवढ्यात मागून आवाज — "बाई! तुमी हितं?"

दत्ता. राहू गावचा. माझा विद्यार्थी, आता पोट सुटलेला आणि गावचा पुढारी. ट्रॅकची जमीन त्याचीच, भाड्यानं दिलेली. धडधडणारी बुलेट बाजूला लावून, हातात वॉकीटॉकी घेऊन तो मालकासारखा फिरत होता.

"लेक चालवणार आहे," मी म्हटलं.

"ताई? ह्या गाडीवर?" त्यानं गाडीभोवती एक चक्कर मारली. "बाई, शप्पत सांगतो, ही चालू केली न् तर आमच्या ग्रामपंचायतीला धुरळणीची गाडी घ्यायची गरज न्हाई."

"डास तरी मरतील," वैशाली म्हणाली. "तुझ्या बुलेटनं नुसती माणसं जागी होतात."

सकाळच्या दोन्ही खेपा चांगल्या गेल्या. नव्या गाड्यांवरची मुलं तिच्या धुरातून खोकत बाहेर यायची आणि बोटं वर करून हसायची. ती सर्वांत मागे असायची, पण वळणावर इतकी नीट वाकायची, की मी उन्हात उभी राहून टाळ्या वाजवत होते.

तिसऱ्या खेपेआधी वैशाली सूचना ऐकायला तंबूत गेली आणि जाताना सुधीरना म्हणाली, "टाकी भरा तेवढी." आमचा मिसळलेल्या पेट्रोलचा पांढरा कॅन लिंबाखाली ठेवला होता. सुधीरनी कॅन उचलला, टाकी भरली, कॅन परत ठेवला. मी समोरच होते. वैशाली आली, हेल्मेट घातलं, गेली.

ती पहिल्या वळणाआड जाते न जाते तोच जनरेटरवरचा माणूस आला. "अरे, हमारा कैन किसने खाली किया? भरकर रखा था, सफ़ेद वाला."

लिंबाखाली दोन पांढरे कॅन होते. मी आमचा उचलून पाहिला. जड होता — सकाळी होता तितकाच. सुधीरनी माझ्याकडे पाहिलं. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो. त्यांनी टाकीत नुसतं पेट्रोल भरलं होतं.

ते कठड्याकडे धावत सुटले, दोन्ही हात हलवत, "वैशाली! वैशाली!" ओरडत. तिला काय ऐकू येणार? कानावर हेल्मेट, आजूबाजूला इंजिनं, आणि नुसतं पुढे बघायचं. ती सरळ रस्त्यावरून आमच्यासमोरून गेली, पाटसपेक्षा दुप्पट वेगानं तरी.

मी दत्ताकडे गेले. "लाल झेंडा दाखवायला सांग. आत्ता."

"बाई, आक्सिडेंट झाल्याबिगर लाल न्हाई दाखवत. वरचा सायेब लई वरडंल."

"मग अ‍ॅक्सिडेंट व्हायची वाट बघायची का? दत्ता, माझ्या पोरीच्या टाकीत ऑइल नाही. इंजिन जाम होणार आहे."

"पर बाई, धूर तर—"

"दत्ता!" मी वर्गातल्या आवाजात म्हटलं. "उभा राहा!"

तो उभाच होता बिचारा. पण त्याचा हात आपोआप वॉकीटॉकीकडे गेला. "सायेब, लाल... लाल दाखवा म्हंतो मी! कारण मागनं सांगतो."

तिकडून कुणीतरी हुज्जत घालत होतं. आणि तेव्हा दत्ता जे म्हणत होता ते माझ्या ध्यानात आलं. वैशाली दुसऱ्यांदा समोरून गेली — मागे धूर. निळा, सकाळपेक्षा दाट. वाऱ्यानं तो आमच्या अंगावर आला आणि मला जळक्या ऑइलचा वास आला, आजोबांच्या शर्टाला यायचा तसा. मला वाटलं, टाकीत तळाला आधीचं थोडं राहिलं असेल, ते संपतंय. म्हणजे आता पुढच्या वळणावर... पुढची फेरी. धूर. त्याच्या पुढची. धूर. मी कठडा धरून उभी होते आणि एकच गोष्ट बघत होते — तो निळा पट्टा तुटतो का.

तुटला नाही. लाल झेंडा निघाला, गाड्या हळू झाल्या, वैशाली आत आली. इंजिन अडकलं तरी चाक मोकळं राहावं म्हणून सुधीरनी धावत जाऊन दोन्ही हातांनी क्लच दाबून धरला आणि सोडेचनात.

"काय झालं? कोण पडलं?" ती विचारत होती. "आई, अगं आज गाडी काय पळत होती! अहो, सोडा ना हात."

मीच सांगितलं. ती उतरली आणि टाकीचं झाकण उघडून आत बघू लागली.

दत्तानं टाकीची नळी काढून पेट्रोल काचेच्या बाटलीत घेतलं. आमचं मिश्रण हिरवट दिसतं. हे पाण्यासारखं होतं. तो त्या बाटलीकडे बघत राहिला आणि म्हणाला, "बाई, तुमीच सांगा आता. सायन्स तुमचं."

घरी येऊन मी दोन पांढऱ्या बश्या घेतल्या. एकीत कॅनमधलं मिश्रण ओतलं, दुसरीत टाकीतलं पेट्रोल. गच्चीत ठेवून दोन्ही उडू दिलं. पहिल्या बशीत हिरवट तेलकट थर राहिला. दुसरीत काहीच नाही, बोटाला ओशटपणासुद्धा नाही. तळाला जुनं काही राहिलं असतं तर इथे दिसलं असतं. इंजिनात आधीचं थोडं ऑइल असतं हे मला माहीत आहे, पण ते असं फेरीमागून फेरी पुरत नाही, आणि इतका धूर तर मुळीच देत नाही. माझ्या डोळ्यांचा भरवसा धरू नका म्हटलं, तर दत्तानं चेष्टेसाठी फोनवर काढलेल्या व्हिडिओत तो धूर स्वच्छ दिसतो. शिक्रापूरच्या मेकॅनिकनं इंजिन उघडलं तर पिस्टन तेलानं ओला होता, त्यावर घासल्याची एक रेघ नव्हती. मी सांगितलेलं त्याला पटलं नाही. "काकी, कायतरी मिसळलं आसंल कुणीतरी," म्हणाला आणि पुढच्या गाडीकडे वळला.

सगळ्यांनी आपापलं उत्तर शोधून घेतलं आहे. सुधीर सिद्धटेकला नारळ देऊन आले. वैशाली म्हणते, कार्ब्युरेटरचं काहीतरी असेल. मोठ्या आजी म्हणाल्या, "ते होते हो तिच्याबरोबर." मला ते पटत नाही. तुमचे आजोबा तिथे असते तर त्यांनी आधी सुधीरच्या हातावर फटका मारला असता.

मला मात्र चैन पडत नाही. भाजी निवडताना, बसमध्ये, कुठेही, ते डोक्यात सुरू होतं. पेट्रोलमध्ये तेल नव्हतं. धुरात होतं. मधली पायरी मला सापडलेली नाही, आणि आता या वयात सापडेल असं वाटत नाही. निषाद, तू तेवढी टाकी स्वतः भर.

गाडी खाली जिन्याजवळ उभी आहे, पिस्टन तोच. वैशाली आज माझ्याकडे आली आहे, आत्ता स्वयंपाकघरात फोनवर सुधीरशी भांडते आहे, आणि तिचा आवाज इथपर्यंत येतो आहे.