मी ओळखतो

श्रावणकाका मतदाराच्या तोंडाकडे बघत नसत. मतदान केंद्रात सगळ्या पक्षांच्या एजंटांना मिळून एकच बाक असतं. त्या बाकाच्या टोकाला मांडीवर यादी पसरून ते बसायचे आणि दारातून आत येणारे पाय बघून नाव सांगायचे. "हे घासत येऊन राहिली ते चप्पल देविदासची. अन् हे भेगाची टाच लीलाबाईची." मान वर न करता यादीत खूण व्हायची. शहरातून आलेले केंद्राध्यक्ष आधी हसायचे, मग ओळखपत्र बघून गप्प बसायचे. मला त्यांनीच हे शिकवलं. "तोंड माणूस बदलते लेका, पाय नाही बदलत."

आमचं गाव वरूडजवळ, संत्र्याच्या पट्ट्यातलं. काकांचं वावर मात्र झेंडूचं आणि वांग्यांचं. स्वतःचे पाय कायम चिखलाचे, डाव्या अंगठ्याला नख नाही. मोटारपंप पायावर पडला तेव्हा गेलं ते उगवलंच नाही. माणूस पक्का पक्षाचा. घरावर बारा महिने झेंडा. माझे वडील समोरच्या पक्षाचे एजंट. पारावर बसून दोघं एकमेकांच्या पुढाऱ्यांची अशी सालटी काढायचे की नवख्याला वाटावं, आता डोकी फुटतात.

मतदानाच्या दिवशी मात्र एक रीत होती. दुपारी शाळेमागच्या कडुनिंबाखाली दोघं डबे बदलायचे. आमच्या घरची भाकर काकांनी खायची, काकांच्या घरचं भरीत वडिलांनी. "विरोधकाच्या घरचं अन्न पोटात गेलं का दुपारून खोटं बोलाले जीभ उचलत नाही," असं काकांचं म्हणणं. वडील गेल्यावर बाकावर त्यांची जागा मी घेतली, आणि डब्याची रीतही.

एका निवडणुकीत अंजनाबाई मतदानाला आली. घराला आग लागून तिचा चेहरा भाजला होता, यादीतल्या फोटोशी काही केल्या जुळेना. ती आमच्या पक्षाची, हे गावाला माहीत. काकांचा पुतण्या प्रशांत त्यांच्या कानाशी लागला, "काका, हरकत घ्या. तिचं मत काही आपल्याले नाही." काका यादी बाजूला ठेवून उभे राहिले आणि केंद्राध्यक्षांना म्हणाले, "मी ओळखतो. अंजनाबाई हाय. करू द्या मतदान." त्या वर्षी काकांचा पक्ष थोडक्यात पडला. संध्याकाळी त्यांच्याच लोकांनी त्यांना चौकात धारेवर धरलं. काका एवढंच म्हणाले, "निवडणूक पाच वर्सानं येते बाप्पा. अंजनाबाई मले रोज भेटते."

पुढे पक्ष फुटले. त्यांचाही फुटला, आमचाही. कोण कुठे गेला याचा हिशेब आम्हा कार्यकर्त्यांनाच लागेना, तर मतदारांना काय लागणार? पण पुढारी पुन्हा एका मंडपात जेवायला बसले तरी गाव काही बसलं नाही. एका आळीचे दोन गणपती झाले. सख्ख्या भावांनी एकमेकांच्या पोरांच्या लग्नाला जाणं सोडलं. पूर्वी भांडण निवडणुकीपुरतं असायचं. आता आम्ही ते खिशात घेऊन हिंडतो आणि बॅटरी संपली की चार्ज करतो. "पक्ष फुटला त्याचं मले काही नाही," काका म्हणायचे, "पक्ष जुळतेही. सोयरीक तुटली ते कोण जोडीन?"

आणि त्यातच मी माती खाल्ली. आम्ही डबे बदलून जेवतानाचा एक फोटो काढला आणि गावाच्या ग्रुपवर टाकला. खाली मोठ्या अभिमानानं लिहिलं, 'ही आमच्या गावची रीत.' तासाभरात माझी ओळ गळाली आणि फोटो तेवढा फिरत राहिला. त्यांच्या लोकांनी लिहिलं, 'म्हातारा विकला गेला.' आमच्या लोकांनी लिहिलं, 'जुनेजाणते आमच्यासोबत.' एक वाक्य लिहिलं असतं तर पुरलं असतं. मी लिहिलं नाही. मला पंचायत समितीचं तिकीट हवं होतं, आणि तो फोटो आमच्या कामाचा आहे, असं मला वरून सांगण्यात आलं होतं. खरं सांगायचं तर, कोणी सांगितलं नसतं तरी मी गप्पच बसलो असतो.

काकांना बाकावरून उठवलं. त्यांच्या जागी प्रशांत आला. घरावरचा झेंडाही पक्षाच्या पोरांनी येऊन काढून नेला. काकांनी मला एका शब्दानं विचारलं नाही. पुढे त्यांना आजारानं धरलं आणि उपचारासाठी ते अकोल्याला लेकीकडे, वंदनाकडे राहायला गेले.

गेल्या निवडणुकीत ते एसटीनं मतदानाला आले. यादीतल्या फोटोत पटका आणि दाट मिशा. समोर उभा होता एक हाडांचा सापळा, औषधांनी डोक्यावरचे आणि ओठांवरचे केस गेलेला. केंद्राध्यक्षांनी फोटो आणि माणूस दोनदा ताडून पाहिला.

"आमची हरकत आहे," प्रशांत म्हणाला. "फोटो जुयत नाही."

सख्खा पुतण्या! त्याला खात्री होती, म्हाताऱ्याचं मत आम्हाला जाणार. आमच्या पोरांना तितकीच खात्री होती की ते प्रशांतच्या पक्षाला जाणार, आणि म्हाताऱ्याची बाजू घ्यायची नाही, असं त्यांनी सकाळीच मला बजावलं होतं.

केंद्राध्यक्षांनी माझ्याकडे बघितलं. "तुम्ही इथलेच ना? ओळखता यांना?"

मी मान खाली घातली, यादीत काहीतरी शोधत असल्यासारखी. टेबलाखालून मला त्यांचे पाय दिसत होते. डाव्या अंगठ्याला नख नव्हतं.

"फोटोवरून... सांगता येत नाही," मी म्हणालो.

केंद्राध्यक्षांनी काकांना बसवलं, नावगाव विचारलं, कागद उलटसुलट बघितले, गावच्या कोतवालाला बोलावणं धाडलं. कोतवालानं दारातूनच सांगितलं, "हे श्रावणकाका हायेत साहेब." सरकारच्या माणसानं ओळखलं आणि मत पडलं. कोणाला, ते मला आजही माहीत नाही.

दुपारी कडुनिंबाखाली ते माझी वाट बघत बसले होते. पुढ्यात स्टीलचा डबा. माझ्याकडे सरकवून म्हणाले, "घे विनू. अन् तुहा कुठी हाय?"

"नाही आणला काका. आता पार्टीचं जेवणाचं पाकीट येते."

"मंग राहू दे. पाकीट कोणाच्या घरचं नसते." ते उठले आणि हळूहळू एसटीच्या थांब्याकडे निघाले. डबा तिथेच राहिला. मी तो उचलून घरी नेला, पण उघडायची हिंमत झाली नाही. दुसऱ्या दिवशी बायकोनंच तो रिकामा करून घासून ठेवला.

दोन महिन्यांनी काका गेले. चौकात दोन फ्लेक्स लागले, एक त्यांच्या पक्षाचा, एक आमचा. दोन्हींवर पटक्यातला, दाट मिशांचा तोच फोटो, दोन्हींवर 'आमचे मार्गदर्शक'. आमच्या फ्लेक्सवर खाली हात जोडून मी उभा आहे.

तेराव्यानंतर वंदनाचा फोन आला. म्हणाली, "दादा, तुमचे लय उपकार झाले. बाबा इकडे आजारपणात खचले होते. पण मतदान करून आले तं लय खूश होते. सांगे, 'फोटो जुयत नव्हता, सारे पाह्यत राह्यले, पण विनूनं पायावरून ओळखलं मले. उभा राहून बोलला. डबाही बदलला आमी.' खरं ना, दादा?"

"हो," मी म्हणालो.