या साली तूर द्यायची न्हाई

माझी शाळा चौथीत सुटली, त्यामुळे माझा इतिहास महाराजांच्या राज्याभिषेकापाशीच थांबला. चौथीच्या पुस्तकात तेवढाच होता. पुढे इंग्रजांचं राज्य आलं हे ऐकून माहीत होतं, पण कसं आलं ते कोणी सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. तोफा घेऊन आले असतील, आपण लढाई हरलो असू, असंच धरून चालले होते.

गेल्या वर्षी माझी मुलगी आठवीत होती. ती ओट्यावर बसून इतिहासाचा धडा मोठ्याने वाचायची आणि मी अंगणात तूर पाखडायचे. मळणी नुकतीच झाली होती. पोती भरायची, व्यापाऱ्याचा टेम्पो येणार, तूर जाणार, हे दरवर्षीचं ठरलेलं.

धड्यातले इंग्रज आधी तराजू घेऊन आले होते, तोफा मागून. पहिल्यांदा वखारीपुरती जागा मागितली. मग वखारीची राखण म्हणून शिपाई ठेवले, आणि शिपाई वाढत गेले. तेव्हा इथलं कापड जहाजं भरून तिकडे जायचं, कारण तसं त्यांना विणता येत नव्हतं. पुढे त्यांच्याकडे यंत्रं निघाली, गिरण्या उभ्या राहिल्या आणि त्यांना आपलं कापड नकोसं झालं. नुसता कापूस हवा. तो बंदराला न्यायला रेल्वे घातली. इथून गेलेला कापूस कापड होऊन परत आला आणि इथल्याच लोकांना विकला. इथले माग बंद पडले.

"आपली काष्टीवरून जाती ती लाईन पण त्यांचीच का गं?" मी विचारलं.

"मग काय, आई. तुला काय वाटलं, तुला माहेरी जायला घातली?"

मी हसले, पण सूप हातातच राहिलं. आमच्या घरात डाळीची पुडी दुकानातून येते. तूर आमची, आणि जातं कोपऱ्यात पोत्याखाली झाकलेलं. लग्नाच्या हळदीपुरतंच ते बाहेर निघतं. आमचा व्यापारी काही वाईट माणूस नाही. चहा घेतो, सासूबाईंच्या गुडघ्याची चौकशी करतो. पण काटा तो आणतो, भाव तो सांगतो, आणि आम्ही त्याच्या टेम्पोची वाट बघत बसतो.

संध्याकाळी सगळे जेवायला बसले होते. मी चुलीपाशी होते. तिथूनच म्हणाले, "या साली तूर द्यायची न्हाई. डाळ करू."

सासऱ्यांचा घास हातातच राहिला. "कोन बोललं?"

"तुमची सून," सासूबाई म्हणाल्या. "एवढ्या वर्सांनी तोंड फुटलं."

"काय झालं तिला?"

"पोरीचा इतिहास ऐकलाय तिनं," आमचे मालक म्हणाले. "इंग्रज कवाच गेले, आन् हिच्या डोक्यात आत्ता घुसलेत."

सगळे हसले. माझे कान तापले. एरवी मी भांडी उचलून मागच्या दारी गेले असते. त्या दिवशी तिथेच बसले आणि परत म्हणाले, "डाळ करू, मामंजी."

त्यांनी हातातला घास तोंडात घातला. मग म्हणाले, "दोन पोती ठिव. बाजारात खपली तर खपली. न्हाई खपली तर फुडल्या साली गप टेम्पोत घालायची, आन् ह्यो इषय परत काढायचा न्हाई."

पहिली खेप मी वाया घालवली. तूर भिजवली, लाल माती लावून ढीग घातला, उन्हात टाकली, आणि पुरती वाळायच्या आत जात्यात घातली. टरफल चिकटून राहिलं. डाळ थोडी, चुराच जास्त.

सासूबाई लांबून बघत होत्या. "आगं, दाताखाली धरून बघितली का? कडाक वाजली पायजे. जातं काय टीव्ही हाय, बटन दाबलं की चालू?"

"मग आधी का न्हाई सांगितलं, आत्याबाई?"

"तू इचारलं का?" असं म्हणत त्या समोर येऊन बसल्या आणि खुंट्याला हात लावला. चुऱ्याचं वरण आम्ही कितीतरी दिवस खाल्लं. दुसरी खेप मात्र चांगली उतरली.

काष्टीच्या बाजारात त्या माझ्याबरोबर आल्या, पण बसताबसताच म्हणाल्या, "मी वरडनार न्हाई हां. माझी कवळी पडंल."

माझ्या तोंडून शब्द फुटेना. लोक पुढून जात होते. एक बाई थांबली, डाळ चिमटीत धरून म्हणाली, "अशी मळकट का गं? दुकानातली कशी चमकती."

उठून घरी जावं असं वाटलं. पण न खपलेली डाळ आणि पुढच्या साली टेम्पोत चढणारी पोती डोळ्यांपुढे आली. "पॉलिश न्हाई, मावशी," मी म्हणाले. "घरच्या जात्याची हाय. एक दाना चावून बघा."

तिने चावला. "गोड लागती की," म्हणाली आणि पिशवी पुढे केली.

मग मी ओरडले. आवाज इतका चिरका निघाला की शेजारचा वांगीवाला दचकला. "ए बाई, माझी गिऱ्हाइकं पळवती का काय!" तो म्हणाला. दुसऱ्यांदा आवाज बरा निघाला. वाया गेलेली सोडली तर उन्हाळा सरायच्या आत दोन्ही पोत्यांची डाळ खपली.

एका जात्याने कोणाचं राज्य उलटत नाही, हे मला कळतं. सगळी तूर दळायला आमच्या हातांत बळही नाही. पण या साली मळणी झाल्यावर टेम्पो आला, व्यापारी काटा उतरवायला लागला, तेव्हा सासरे बाजेवरून हलले नाहीत. "तिला इचार," एवढंच म्हणाले.

मी पदर सारखा केला. "निम्मी घेऊन जावा. निम्मी ऱ्हाईल. आन् वजन आमच्या काट्यावर करायचं." डाळीच्या पैशांतून घेतलेला पोत्याचा काटा मी आधीच बाहेर आणून ठेवला होता.

"वैनी, आमच्यावर इस्वास न्हाई का?"

"इस्वास हाय," मी म्हणाले. "पोतं ठिवा."

त्याने ठेवलं. आता जात्याची तळी गुळगुळीत झाली आहे. पुढच्या खेपेच्या आत पाथरवटाकडून टाकी लावून ती पुन्हा खरखरीत करून घ्यायला हवी.