आप्पांच्या पायाचा माग

भुताखेतांच्या गोष्टी ऐकून हसणाऱ्यांतली मी. लॅबमध्ये काम करते. रिपोर्ट हातात आल्याशिवाय डॉक्टरांचंही खरं मानत नाही! तरी हे लिहितेय...

वडगावात आमच्या घरी आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा हातमाग. बायकांनी सूत गुंडाळून कांड्या भरायच्या, मागावर पुरुषांनी बसायचं. मी पहिल्यापासून हट्टी. आप्पा बाजारात गेले की मागाखालच्या खड्ड्यात पाय सोडून चोरून विणायची. एकदा सापडले. माझं वीतभर विणलेलं त्यांनी शेजाऱ्यांसमोर उसवलं.

"माग माझ्या पायाचा हाय. तू कांड्या भर."

तसं ते खोटं नव्हतं. खड्ड्यात पायाने दाबायच्या पट्ट्या जो तो आपल्या मापाने दोऱ्यांनी बांधतो. आप्पा ताडमाड, मी बुटकी. पण डोक्यात राग गेला तो गेलाच. दोन वर्षं बाप-लेक एका घरात राहून बोललो नाही. आणि एका सकाळी आप्पा गेले... अबोला तसाच राहिला. फार वाईट वाटतं, अजूनही.

मागावर साडी अर्धीच होती. काका म्हणाले, "कापून काढूया." मी म्हटलं, "आप्पांची शेवटची साडी अर्धी जाणार न्हाय. मी विणणार."

तेरावं झाल्यावर बसले. पाय पोचेनात. खड्ड्याच्या काठावर टेकून, टाचा ताणून चार बोटं विणली आणि कंबर धरली. पट्ट्यांच्या दोऱ्या आखडायला मात्र हात धजेना — त्यांनी बांधलेल्या ना.

दुसऱ्या दिवशी मी आणि आई स्कूटरवरून सांबऱ्याला मावशीकडे गेलो. कुलूप मीच लावलं, किल्ली माझ्याच पर्समध्ये. दुपारी येऊन मागावर बसले... आणि पाय अलगद पट्ट्यांवर टेकले!

वाकून बघितलं. दोऱ्या आखडून पुन्हा बांधलेल्या. गाठींचा पीळ उलटा — आप्पा डावखुरे होते.

"आई, तू बांधल्यास व्हय?"

"न्हाय गं बाई!" संधिवाताने तिला सुईत दोरा ओवता येत नाही. ती गाठी चाचपत तिथेच खाली बसली.

आठ दिवसांत साडी पुरी केली. काठ कुठे ढिला नाही. काकांनीच ती गल्लीभर फिरवून दाखवली, "आमच्या पोरीनं विणलीया!" म्हणून. आता लॅब सुटली की रोज मागावर बसते, आणि मी विणकर आहे असं ताठ मानेने सांगते.

ते कसं झालं, कुणी केलं... मी डोकं चालवतेच आहे. आई मात्र अजून विचारते, "बोलत नव्हता न्हवं तुम्ही? मग ह्यांनी तुझ्या पायाचं माप कवा घेतलं गं?"