गुराख्याची वऱ्हाडी

"अगं, शुद्ध बोल जरा. फ्रेंच सिनेमा आहे हा, तमाशा नव्हे."

डॉक्टरकाका अंधारातून बोलले आणि त्यांच्या बेसमेंटमधली सगळी मराठी मंडळी हसली.

शिकागोजवळचं शॉमबर्ग, २००६ चा जुलै. मराठी मंडळाची 'पर्यावरण संध्या'. बाहेर ड्राइव्हवेवर मोठाल्या गाड्या. आत एसी इतका की बायका शाली पांघरून दुष्काळ बघत होत्या. सिनेमा पश्चिम आफ्रिकेतला. पाऊस हटलाय, नदी आटलीय आणि उरलंसुरलं पाणी सरकार शहराकडे वळवतंय. डीव्हीडीवर सबटायटल्स नव्हती. मी ऑफिसात कॅनडासाठीचं फ्रेंच सॉफ्टवेअर तपासते, म्हणून भाषांतराचा माईक माझ्या हातात.

तासभर मंत्री बोलला, इंजिनियर बोलले. ते मी पुस्तकी मराठीत सांगितलं. कुणाची तक्रार नाही. मग म्हातारा गुराखी मंत्र्यासमोर उभा राहिला. त्याची फ्रेंच शाळेतली नव्हती. माझ्या तोंडून वऱ्हाडी आली.

"आधी तुमच्या बागेले पानी, मंग आमच्या लेकराले. काऊन?"

त्यावर काकांचं ते 'शुद्ध बोल' आणि ते हसू.

"काका, तो गुराखी आहे," मी म्हटलं.

"असू दे ना. दुःखसुद्धा नीट शब्दांत सांगता येतं. तुमच्या घरी चालत असेल ही भाषा."

तुमच्या. दारातच त्यांनी आडनाव विचारलं होतं. मग गाव. मग गावात नेमकं कुठे. त्या 'तुमच्या'चं भाषांतर मला कुणी करून द्यायला नको होतं.

माझी आई टँकरवाल्याला हेच विचारायची. याच शब्दांत. तिला धुऊनपुसून मी कुणाच्या करमणुकीला बसवायचं?

मी माईक ठेवला नाही. पुढच्या प्रसंगापासून मंत्रीही वऱ्हाडी बोलू लागला.

"पाह्यतो ना बाप्पा, अर्ज तं देऊन ठेवा."

काकांची कॉलेजातली लेक खिदळली. "डॅड, धिस इज सो मच बेटर!"

काकांनी प्रोजेक्टर बंद केला. "चला, चर्चा करू."

समोसे आले. हवामान बदलाचा फटका गरिबांनाच बसतो, यावर सगळ्यांचं एकमत झालं. अतिशय शुद्ध मराठीत. गुराख्याचं पुढे काय झालं, कुणी विचारलं नाही.

निघताना काकू कुजबुजल्या, "मनावर घेऊ नकोस गं. पुढच्या वेळी थोडं सांभाळून घे."

"सांभाळून नाही घेणार, काकू. मी सांगणार असेन तर तो असाच बोलेल. ज्याला खुपेल त्यानं फ्रेंच शिकावं."